खड्ड्यात आडवे लावलेले ते पाइप नेमके काय धरून ठेवतात?

पावसाळा तोंडावर आला की पुनर्विकासासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या शेजारी राहणाऱ्यांची झोप उडते, आणि त्यांची भीती निराधार आहे असे म्हणण्याची सोय नाही. जून २०१८ मध्ये मुंबईत वडाळ्याच्या एका गृहसंकुलाला लागून असलेली जमीन शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात खचली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या गाड्या खाली गेल्या. पुढच्याच वर्षी, २९ जून २०१९ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. अशी बातमी आली की ओळखीचे लोक मला थांबवून विचारतात, "आमच्या शेजारी तीन मजली तळघर खणतायत, मध्ये मोठमोठे लोखंडी पाइप आडवे लावलेत. ते पुरतात का?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर पाइपाकडे पाहून देता येत नाही. मातीचा रेटा एका टोकाला सुरू होतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. त्या वाटेवरील प्रत्येक जोड बघावा लागतो, आणि माझ्या मते शेजाऱ्यांनी सर्वांत जास्त चौकशी करावी ती या जोडांचीच.

## जमीन आडवी का ढकलते?

खळ्यावर ज्वारीची रास घातली की ती एका ठरावीक उतारावर स्थिरावते. त्याहून उभी ती राहत नाही. तीच ज्वारी कणगीत भरली तर सरळ उभी राहते, कारण कणगीची भिंत तिला अडवते, आणि ही भिंत कुठे कमजोर असेल तर तिथे कणगी फुगते. मातीचेही तसेच आहे. खड्डा खणला की कडेच्या मातीचा एका बाजूचा आधार निघून जातो आणि ती आपल्या स्वाभाविक उतारावर येऊ पाहते. शहरात तेवढा उतार सोडायला जागा नसते, म्हणून खड्ड्याची कड उभी कापली जाते आणि तिला अडवण्यासाठी आधीच भिंत बांधून घेतली जाते.

मातीचा आडवा दाब तिच्या उभ्या दाबाचा काही हिस्सा असतो. साधारण घट्ट वाळूसारख्या मातीत, भिंत किंचित हलू दिली तर, हा हिस्सा सुमारे एक तृतीयांश धरतात. एक घनमीटर मातीचे वजन १.८ टन धरले तर ९ मीटर खोलीवर उभा दाब दर चौरस मीटरला १६ टनांच्या थोडा वर जातो आणि आडवा दाब साधारण ५.४ टन होतो. मऊ चिकणमातीत हा हिस्सा पुष्कळ वाढतो. मुंबईच्या खाड्यांच्या कडेला भरणी करून तयार केलेल्या जमिनीखाली अशी माती सापडते आणि तिथे वाळूचे आकडे वापरणे धोक्याचे असते.

## रेट्याचा प्रवास

जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला आतून अडसर घातलेला असे. बाहेरून धक्के बसले की ते आधी फळ्यांवर येत, फळ्यांवरून अडसरावर आणि अडसराच्या दोन टोकांवरून भिंतीतील खोबणीत जात. दरवाजा किती मजबूत आहे हे केवळ फळीच्या जाडीवरून ठरत नसे. खोबणीचा दगड सैल असेल तर सागवानी फळीचा काही उपयोग नव्हता.

खोल खड्ड्यातही हीच साखळी असते. माती ढकलते ती भिंतीला. ही भिंत म्हणजे कधी एकमेकांत गुंतवलेल्या काँक्रीटच्या पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांची, रांग असते, कधी जमिनीत चर खणून ओतलेली सलग काँक्रीटची भिंत असते, तर कधी ठरावीक अंतरावरचे लोखंडी खांब आणि त्यांच्यामध्ये बसवलेल्या फळ्या असतात. भिंतीच्या आतल्या अंगाला तिला चिकटून एक आडवी पोलादी तुळई जाते. साइटवर तिला वेलर म्हणतात आणि अडसराचे काम ती करते. वेलरला ठरावीक अंतरांवर आडवे टेकू मिळतात, ज्यांना स्ट्रट म्हणतात. टेकू खड्डा ओलांडून समोरच्या वेलरला टेकतो. म्हणजे पूर्वेची माती पश्चिमेच्या मातीला ढकलत असते आणि मधला पाइप दोघींमध्ये दाबला जात असतो. या सगळ्या व्यवस्थेला मिळून शोअरिंग म्हणतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. समोरच्या बाजूची माती मागाहून खणली किंवा तिकडे जमीन खालच्या पातळीवर असली, तर टेकूला पलीकडे टेकायला पुरेसे काही उरत नाही आणि सगळी चौकट त्या बाजूला सरकू लागते. चढावर असलेल्या प्लॉटमध्ये हा विचार पहिल्याच दिवशी करावा लागतो.

## एका टेकूवर किती भार येतो?

पाठ्यपुस्तकात मातीचा दाब त्रिकोणासारखा काढतात: वर शून्य, तळाशी सर्वाधिक. टेकू लावलेल्या खड्ड्यात मात्र तसे घडत नाही. खड्डा वरून खाली टप्प्याटप्प्याने खणला जातो. पहिला टेकू वरच्या टप्प्यातच बसतो आणि त्यानंतर भिंतीचे वरचे टोक जवळजवळ जखडले जाते. खालचा भाग पुढे खणला जाताना पोट काढतो. परिणामी वरच्या टेकूवर त्रिकोणाच्या हिशेबापेक्षा बराच जास्त भार येतो. मृदा-अभियांत्रिकीतले तज्ज्ञ राल्फ पेक यांनी बर्लिन, म्युनिक आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यांत टेकूंवर प्रत्यक्ष मोजलेले भार एकत्र मांडले आणि १९६९ मध्ये मेक्सिको सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दाबाच्या आकृत्या सादर केल्या, ज्या आजही जगभर वापरल्या जातात. वाळूसाठी त्यांनी सुचवलेला दाब वरपासून खालपर्यंत एकसारखा आहे: तळाच्या त्रिकोणी दाबाच्या ०.६५ पट. हा मातीचा खरा दाब आहे असा त्यांचा दावा नव्हता. कोणत्याही टेकूवर येऊ शकणारा मोठ्यात मोठा भार त्यात झाकला जावा, एवढाच हेतू होता.

आपल्या ९ मीटरच्या खड्ड्यात हा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३.५ टन होतो. टेकू एकमेकांपासून आडवे ६ मीटर आणि उभे ३ मीटर अंतरावर असतील, तर प्रत्येक टेकूच्या वाट्याला भिंतीचा १८ चौरस मीटर भाग येतो आणि त्यावर ६३ टन भार पडतो. खड्ड्याच्या काठावर काँक्रीटचे मिक्सर, सळयांचे ढीग किंवा रस्त्यावरची वाहतूक यांचे दर चौरस मीटरला २ टन वजन धरले, तर त्यात आणखी १२ टनांची भर पडते. काठावर सळया ठेवू नका असे इंजिनियर ओरडत असतो त्यामागे हे बारा टन आहेत.

## पाणी आले की हिशेब बदलतो

आता पाऊस पडला आणि भूजल जमिनीच्या पातळीखाली फक्त १ मीटरवर आले असे समजू. पाणी मातीसारखे एक तृतीयांशावर थांबत नाही. त्याचा दाब सर्व दिशांना पूर्णच्या पूर्ण असतो. ७ मीटर खोलीवरच्या टेकूपाशी पाण्याची उंची ६ मीटर, म्हणजे दाब दर चौरस मीटरला ६ टन. १८ चौरस मीटरवर तो १०८ टन झाला. पाण्यात बुडालेल्या मातीचे वजन उचलले गेल्याने तिचा स्वतःचा वाटा ६३ वरून ४० टनांच्या आसपास उतरतो हे खरे, पण एकूण भार दीडशे टनांच्या घरात जातो. उन्हाळ्यात सुरक्षित असलेला टेकू जुलैमध्ये दुपटीहून अधिक भार घेत असतो, आणि बाहेरून त्यात काहीही बदललेले दिसत नाही.

भिंत पाणी अडवणारी नसेल, फळ्यांच्या फटींतून पाणी झिरपत असेल, तर दाब कमी होतो. पण झिरपणाऱ्या पाण्याबरोबर बारीक माती वाहून येऊ लागली, तर शेजारच्या इमारतीखाली पोकळी होते. खड्ड्यात येणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे म्हणूनच रोज बघायचे असते.

## मग जाड पाइप घेतला की झाले?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. एक प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन तळहातांमध्ये उभी धरून दाबली तर ती चिरडत नाही. एकदम बाजूला लचकते. लांब, सडपातळ वस्तू दाबाखाली अशीच हार मानते, आणि लांबी दुप्पट झाली की तिची लचकण्यापूर्वीची ताकद चौथाई होते, हा नियम गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकातच मांडला. प्रत्यक्षातला पोलादी पाइप काटेकोरपणे या सूत्राने वागत नाही आणि आपण आयएस ८०० या भारतीय मानकातील तक्ते वापरतो, पण लांबीचा धाक तोच राहतो. खड्डा रुंद असला तर मध्ये उभा खांब रोवून टेकूची मोकळी लांबी निम्मी करतात. त्या खांबाला टेकू केवळ टेकवून ठेवला, बाजूने आणि वरून बांधला नाही, तर मात्र लांबी कागदावरच निम्मी झालेली असते.

दुसरी गोष्ट भार मध्यातून जाण्याची. दीडशे टनांचा भार पाइपाच्या मध्यापासून १० सेंटिमीटर बाजूला पडला, तर पाइपाला वाकवणारी १५ टन-मीटरची मुरड तयार होते. त्यात पाइपाचे स्वतःचे वजन आहेच. साइटवर मात्र कामगार त्याच पाइपांवरून चालतात, शटरिंगच्या प्लेटा रचून ठेवतात, क्रेनची बादली कधी त्याला आदळते. टेकूचा हिशेब करताना मध्यावर काही अपघाती वजन धरावे लागते ते यासाठी.

तिसरी गोष्ट सांध्याची, आणि इथे थोडे थांबायला हवे. वेलर बहुधा इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचा गर्डर असतो: दोन जाड पाट्या आणि त्यांना जोडणारा मधला पातळ पडदा. टेकूचे टोक दीडशे टन घेऊन या गर्डरच्या एका पाटीवर, जेमतेम एका परातीएवढ्या जागेत दाबते. त्या जागी हा भार पलीकडे नेणारा असतो तो फक्त मधला पडदा. पोस्टकार्ड कडेवर उभे धरून वरून बोट दाबले की ते जसे मधोमध चुरगळते, तसा हा पडदा चुरगळू शकतो. म्हणून टेकूच्या समोर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, उभ्या पोलादी पट्ट्या वेल्ड करतात. त्यांना स्टिफनर म्हणतात. एकूण पोलादात त्यांचे वजन नगण्य असते, आणि घाईत सर्वांत आधी वगळल्या जातात त्याही याच पट्ट्या.

कोपऱ्यातील तिरके टेकू आणखी अवघड असतात. ४५ अंशांत लावलेला टेकू वेलरला जेवढा भिंतीकडे दाबतो तेवढाच भिंतीच्या कडेने ढकलतो. दीडशे टन भिंतीकडे, तर दीडशे टन कडेने. ही ओढ अडवण्यासाठी वेलरवर ठोकळे वेल्ड करून वेलर पुढे भिंतीशी जखडावा लागतो. नाहीतर ओल्या फरशीवर शिडी सरकावी तसे टेकूचे टोक सरकते.

वेलर आणि भिंत यांच्यामधली फट हीदेखील सांध्याचाच भाग आहे. पाइलची रांग कधीच सरळ रेषेत येत नाही, त्यामुळे काही ठिकाणी वेलर भिंतीला टेकतो आणि काही ठिकाणी बोटभर जागा राहते. पुण्यात एका खड्ड्यात मी उतरलो तेव्हा या फटींत प्लायवूडचे तुकडे ठोकलेले दिसले. वरून पाहिले तर सगळे घट्ट होते. पुढचा टप्पा खणल्यावर तेच तुकडे दाबून पापडासारखे चपटे झाले होते आणि त्या चार पाइल दोन सेंटिमीटर आत आल्या होत्या, कारण फळी चेपली जाईपर्यंत टेकूने भार घेतलाच नव्हता. तिथे घट्ट मिश्रणाचे काँक्रीट भरायला अर्धा दिवस पुरला असता. मागच्या रस्त्यावर काठाला समांतर पडलेली भेग मात्र पुढे कितीही वेळा बुजवली तरी उघडत राहिली.

## सिंगापूरमध्ये काय घडले?

सांधा मोडला तर काय होते याचे सर्वांत तपशीलवार नोंदलेले उदाहरण सिंगापूरचे आहे. २० एप्रिल २००४ च्या दुपारी, निकोल हायवेलगत मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी खणलेला सुमारे ३३ मीटर खोल जाणारा खड्डा कोसळला, महामार्गाचा भाग त्यात गेला आणि चार माणसे मृत्युमुखी पडली. टेकूंचे दहा थर लावायचे होते. नऊ लागले होते आणि दहाव्यासाठी खोदकाम चालू होते.

चौकशी समितीने दाखवून दिलेल्या चुका एकीत एक गुंतलेल्या होत्या. तिथल्या मऊ सागरी चिकणमातीची ताकद संगणकीय गणितात खऱ्याहून जास्त धरली गेली होती, त्यामुळे भिंत किती वाकेल याचा अंदाज फार कमी आला. टेकू आणि वेलर यांच्या सांध्याची ताकद मोजताना मानकाचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि सांधा हवा त्याच्या निम्म्याच ताकदीचा झाला. काही टेकूंच्या टोकांना भार पसरवणारे फाटे असायला हवे होते, ते वगळले गेले. आणि वेलरमध्ये आधी पट्ट्यांचे स्टिफनर होते, ते वाकू लागल्यावर त्यांच्या जागी चॅनेलचे, म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे, तुकडे बसवण्यात आले. या बदलाने ताकद फारशी वाढली नाही. उलट पूर्वी हळूहळू वाकणारा सांधा आता एकदम मोडणारा झाला. दहाव्या थरासाठी खणताना जमिनीत आधी तयार केलेला सिमेंटमिश्रित मातीचा एक थर फोडला गेला, तो घेत असलेला भार नवव्या थरावर आला, आणि तिथला सांधा गेला.

त्या दिवशी सकाळीच नवव्या थरावर वेलर चुरगळताना कामगारांना दिसले होते आणि त्यांवर काँक्रीट ओतून ते वाचवण्याचा प्रयत्न चालू होता. भिंत ४० सेंटिमीटरांहून अधिक आत आल्याचे मोजमापातून कळत होते. पण ही हालचाल वाढत गेली तशी धोक्याची पातळी नव्या गणिताने वर सरकवली गेली होती. मला या अहवालातील ही गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते: मापे घेतली जात होती, आकडे खरे होते, आणि तरी खोदकाम थांबले नाही.

एक टेकू गेला की त्याचा भार नाहीसा होत नाही. तो शेजारच्या टेकूंवर जातो. शेजारचे आधीच काठोकाठ भरलेले असतील तर तेही जातात. म्हणून टेकूंचा आराखडा करताना कोणताही एक टेकू काढून पाहायचा आणि उरलेल्यांनी, निदान तात्पुरते, सगळे तोलून धरले पाहिजे असा हिशेब मांडायचा असतो.

## "हे सगळे तर सहा महिन्यांसाठीच"

तात्पुरत्या कामावर इतका खर्च का, हा बांधकाम व्यावसायिकांचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. मातीला मात्र आपला आधार तात्पुरता आहे हे ठाऊक नसते. इमारतीच्या खांबावर पूर्ण भार यायला काही वर्षे लागतात आणि पुष्कळदा तो कधी पूर्ण येतच नाही. टेकूवर मात्र तो लावल्यापासून काही आठवड्यांत पुरता येतो.

आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, मग टेकू कशाला, असाही प्रश्न येतो. घट्ट बेसॉल्ट लागला तर त्या पातळीखाली खरोखरच फारसा आधार लागत नाही. पण त्याच्या वर भरणी, काळी माती, मुरूम आणि कुजलेला खडक असतो, आणि त्यांची जाडी एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत कितीतरी वेगळी निघू शकते. शिवाय खडकातील सांधे, म्हणजे त्यातल्या नैसर्गिक भेगा, खड्ड्याकडे उतरते असतील तर त्यावरचा मोठा तुकडा अलगद घसरतो. जमीन तपासण्यासाठी बोअर (खोल छिद्रे) घेतले ते कडेला घेतले की प्लॉटच्या मधोमध, हे यासाठी विचारावे.

टेकू कामाला अडथळा करतात, म्हणून मागच्या जमिनीत पोलादी केबल गाडून भिंत मागे ओढून धरण्याचा पर्याय असतो. तो चांगला आहे. पण केबल शेजाऱ्याच्या हद्दीत जाते, तिथे त्याची परवानगी लागते, आणि खाली जुन्या इमारतीचा पाया, जलवाहिनी किंवा मेट्रोचे भुयार असेल तर तो पर्याय संपतो. दाट वस्तीत टेकूच उरतात ते यामुळे.

## ऊन, जॅक आणि मोजमाप

टेकू बसवल्यावर त्याच्या टोकाशी हायड्रॉलिक जॅक लावून अपेक्षित भाराचा ठरावीक हिस्सा आधीच त्याच्यात भरतात, म्हणजे सांध्यातील ढिलाई निघून जाते आणि भिंत पुढे सरकण्याआधीच टेकू कामाला लागतो. त्यानंतर उन्हाचा प्रश्न येतो. २० मीटर लांबीचा पाइप २० अंशांनी तापला तर तो सुमारे ५ मिलिमीटर वाढू पाहतो. दोन्ही टोके पूर्ण घट्ट असती, तर ६१ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १२ मिलिमीटर जाडीच्या पाइपात त्यामुळे ११० टनांचा जादा भार आला असता. माती थोडी दबते म्हणून प्रत्यक्षात त्याचा काही भागच येतो, पण मेच्या दुपारी घेतलेले भाराचे माप पहाटेच्या मापाशी जुळत नाही ते यामुळे. रोज एकाच वेळी, शक्यतो सूर्य वर येण्याआधी माप घेतले तरच कालच्या आकड्याशी तुलना करता येते.

शेजाऱ्यांना टेकूवरचा भार मोजता येत नाही. पण भिंत किती हलली याची रोजची नोंद आणि कोणत्या आकड्याला काम थांबवायचे ठरले आहे, हे दोन कागद मागण्याचा त्यांनी आग्रह धरावा. थांबण्याचा आकडा मध्येच बदलला असेल, तर तो कोणी आणि का बदलला हेही लेखी घ्यावे.

## टेकू काढताना

खड्डा तळाला पोहोचला की धोका संपला असे सर्वांना वाटते आणि लक्ष उडते. पण त्यानंतर टेकू एकेक करून काढायचे असतात. सर्वांत खालचा टेकू तेव्हाच निघतो जेव्हा तळाचे काँक्रीट भिंतीपासून भिंतीपर्यंत भरले गेले असेल आणि त्याने पुरेशी ताकद धरली असेल. मग तोच स्लॅब टेकूचे काम करतो. पुढचा टेकू तळघराच्या पुढच्या स्लॅबनंतर. स्लॅबमध्ये रॅम्पसाठी किंवा जिन्यासाठी मोठे भोक सोडलेले असेल, तर त्या जागी भार पलीकडे जायला वाट नसते आणि तेवढ्यापुरता नवा टेकू लावूनच जुना काढावा लागतो. पाइपाला सरळ गॅस कटर लावायचा नसतो. आधी जॅकने भार स्वतःवर घ्यायचा, पाचरी सैल करायच्या आणि मग भार हळूहळू उतरवायचा, कारण शेकडो टनांनी दाबलेला पाइप अर्धवट कापला गेला की उरलेला भाग एका क्षणात लचकतो. शेवटचा टेकू निघाल्यावर तळघराची भिंत आणि शोअरिंगची भिंत यांच्यामध्ये हातभर सांद उरते. ती खालपासून थराथराने भरून ठोकली गेली, म्हणजे रस्त्याखालची माती नव्या इमारतीला टेकते.